पहिलटकरांचा नाताळ : कोल्हापुरी कृती

ही कृती अशा घरांसाठी आहे, जिथं रात्री साडेनऊला शाळेच्या ग्रुपवर निरोप येतो : 'उद्या ख्रिसमस सेलिब्रेशन. मुलांनी लाल कपड्यात यावे. सजवलेले छोटे झाड आणल्यास उत्तम.' घाबरू नका. तुम्ही गणपतीची आरास केली आहे, दिवाळीत किल्ला बांधला आहे, पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपिसं खोचून मिरवणाऱ्या म्हशी पाहिल्या आहेत. सजावटीच्या बाबतीत कोल्हापुरात नवशिका कोणी नसतो. नवीन काय ते झाड.

साहित्य : झाड एक. लाइटिंगच्या माळा दोन, पैकी एक चालू. देवघरातला वातीचा कापूस, आजीच्या नकळत. किल्ल्यावरची मातीची चित्रं, मावळे आणि वाघ वगळून. आणि आजीचं नाव कोरलेला स्टीलचा डबा. तो दिवाळीत फराळ घेऊन शेजारी गेला असेल आणि अजून परत आला नसेल, तर फारच छान. शोधत बसू नका.

कृती १ : झाड निवडणे

झाडाचे तीन प्रकार. पहिलं प्लॅस्टिकचं. हे फुटावर मिळतं आणि खोक्यातून निघाल्यावर बाटली धुवायच्या ब्रशासारखं दिसतं. दोष तुमच्या नजरेचा नाही. विसाव्या शतकात ब्रश बनवणाऱ्या कारखान्यांनीही अशी झाडं काढली होती. त्याआधी जर्मनीत हंसाची पिसं हिरवी रंगवून तारेवर गुंडाळत.

दुसरं नर्सरीतलं, कुंडीतलं. नर्सरीवाला त्याला ख्रिसमस ट्रीच म्हणतो, पण ते अरोकेरिया. त्याचं गाव पॅसिफिक महासागरातलं नॉरफोक बेट. युरोपातल्या ज्या फर आणि स्प्रूसच्या झाडांपासून ही प्रथा निघाली, त्यांच्या भावकीतलं ते नव्हे. कुंडीत ते गुणी पोरासारखं वागतं. मात्र हौसेनं बंगल्याच्या फाटकाशी लावाल, तर सावध. आपल्या गावी ते पन्नास मीटरच्या वर जातं आणि तुमच्या गच्चीला ते मानत नाही.

तिसरी सुरूची फांदी. कोकणात, गोव्यात ही चाल आहे. घाट उतरून आणायची असेल तर विचारून आणा. दुसऱ्याच्या वाडीतली तोडलीत, तर नाताळऐवजी शिमगा होईल.

कृती २ : झाड उभं करणे

झाड वाकडं उभं राहील. घरातल्या प्रत्येकानं लांबून एक डोळा मिटून 'जरा डावीकडं' म्हणावं. तरीही कललं, तर जोंधळ्याच्या डब्यात रोवा आणि सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधा. गुढी उभारायचा हात असल्यानं हे सहज जमतं. फक्त शेंड्यावर तांब्या पालथा घालायचा मोह आवरा. तिथं चांदणी बसते.

कृती ३ : माळा सोडणे

१८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं आपल्या घरच्या झाडावर पहिल्यांदा विजेचे दिवे लावले. लाल, पांढरे, निळे, एकूण ८०. त्याच्याकडं टेस्टर घेऊन जमिनीवर बसणारे मामा नसावेत. तुमच्याकडं आहेत. माळ लावली की अर्धी पेटते. मामा प्रत्येक बल्ब पिरगाळून बघतात, तेव्हा उरलेली अर्धीही जाते. मग मामा म्हणतात, 'चायनाचा माल.' इथं दुसरी माळ घ्यावी आणि मामांना चहा द्यावा.

कृती ४ : बर्फ पाडणे

बर्फ म्हणजे कापूस. फार पाडू नका. कोल्हापुरात डिसेंबरात सकाळी स्वेटर आणि दुपारी उसाचा रस, एवढीच थंडी. शिवाय संध्याकाळी आजीला वाती वळायच्या असतात, तेव्हा वितळला नाही तरी हा बर्फ संपतो. सांताच्या गाडीला हरणं हवीत असा हट्ट मुलांनी धरला, तर त्यांना रस्त्याकडेला न्या. साखर कारखान्यांचा हंगाम जोरात असतो. दोन ट्रॉल्या ऊस ओढत, मोठ्यानं गाणी लावून जो ट्रॅक्टर जातो, त्याच्यापुढं हरणांचा काय पाड?

कृती ५ : गोठा बांधणे

या परीक्षेत कोल्हापूरकराला पैकीच्या पैकी गुण मिळतात. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी संत फ्रान्सिसनं गव्हाणी मांडली, बैल आणि गाढव आणून उभं केलं आणि लोकांना येशूजन्माचा प्रसंग डोळ्यांनी दाखवला. तिथून देखाव्याची ही रीत पसरत गेली. जिवंत देखाव्याचं मोल तरुण मंडळांच्या गावाला वेगळं सांगायला नको.

गोठा म्हणजे काय, हेही शिकवायला नको. गंगावेशीत दूधकट्ट्यावर समोर पिळलेलं धारोष्ण दूध उभ्यानं पिणाऱ्या गावाचा गोठा चुकेल कसा? चुकतो तो एकाच जागी : आपण त्यात म्हैस बांधतो. बेथलेहेमच्या गोठ्यात म्हैस नव्हती. पण मुलगा ऐकत नसेल, तर राहू द्या. बाळ दुधाला कमी पडणार नाही.

डोंगर किल्ल्याचाच वापरावा. माती ओली करून अळीव पेरा, चार दिवसांत हिरवळ येते. गोव्यात गोठ्यासाठी धान्य पेरून अशीच हिरवळ उगवतात. मेंढपाळ हवेत. किल्ल्यावरच्या चित्रांत ते नसतील, तर शेतकऱ्याच्या खांद्यावर घोंगडीचा तुकडा टाकावा, की झाला धनगर. बाळ जन्मल्याची बातमी देवदूतांनी आधी राजाला दिली नाही, रात्री माळावर मेंढरं राखत बसलेल्यांना दिली. पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडाऱ्यात न्हालेले धनगर पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये.

कृती ६ : चांदणी टांगणे

दिवाळीचा आकाशकंदील अजून गॅलरीत असेल, तर त्यालाच चांदणी म्हणून खपवायची युक्ती जुनी आहे. चालेल. पण दोघांच्या कामात फरक आहे. आकाशकंदील घर उजळतो, चांदणी वाट दाखवते. तेव्हा आपली टांगून झाली, की गॅलरीतून गल्लीत एक नजर टाका. दिवाळीत ज्या घरावर कंदील नव्हता आणि आज कागदी चांदणी आहे, ते घर लक्षात ठेवा.

इथं आमच्याकडून झालेली एक चूक दुरुस्त करतो. नवीन काय ते झाड, असं वर म्हटलं. झाडाचंही तितकंसं खरं नाही, नाताळचं तर नाहीच. व्हिक्टोरिया राणीच्या घरातल्या झाडाचं चित्र लंडनच्या साप्ताहिकात छापून आलं १८४८ साली, आणि इंग्रजांच्या घरोघर झाडाची टूम पसरली. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले १८५२ साली. म्हणजे अवघ्या चार वर्षांचं अंतर. त्यांचा मुलगा रॉबर्ट इथंच, १८६३ साली जन्मला. जॉन्सननं दिवे लावले, तेव्हा कोल्हापुरातला नाताळ तीस वर्षांचा झाला होता. न्यू शाहूपुरीतल्या चर्चला आजही वायल्डर यांचंच नाव आहे. तिथं उपासना मराठीत चालते. मराठी ख्रिस्ती घरांतून ना. वा. टिळकांची पदं म्हटली जातात आणि नाताळच्या आधी आठवडाभर करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या तळल्या जातात. केकही असतो, पण तळणीचा वास आपल्या दिवाळीचाच. फक्त दोन महिने उशिरा येतो, म्हणून आपल्याला ओळखू येत नाही.

आपण मात्र नाताळ शोधायला शोरूमच्या दारातल्या वीस फुटी झाडापाशी जातो, फोटो काढतो आणि परत येताना चांदणीच्या घरावरून गाडी तशीच पुढं नेतो.

कृती ७ : पुढची पायरी, म्हणजे शेजारची

पूर्वेकडचे ज्ञानी चांदणी बघत निघाले, तेव्हा त्यांनी सोनं, ऊद आणि गंधरस नेला होता. सोनं गुजरीत मिळतं. भाव विचारून परत या. ऊद महाद्वार रोडला मिळेल. गंधरस मिळाला नाही, तर काकवी चालते. बाटलीचं झाकण घट्ट बघा.

२५ तारखेला ती मंडळी चर्चमधून घरी परतली, की जा. 'हॅपी ख्रिसमस' म्हणा किंवा 'नाताळच्या शुभेच्छा' म्हणा, दोन्ही कळतं. झाड कितीला पडलं ते विचारू नका. त्यांच्याकडं नसेलही. भिंतीवर चांदणी असेल, टेबलावर ताट असेल.

झाड कधी उतरवायचं, असा प्रश्न पहिलटकर हमखास विचारतात. रीतीप्रमाणं ६ जानेवारीला. आमच्या घरी ते संक्रांतीला तिळगूळ घेऊन जातं.

बसा म्हणतील तेव्हा बसा. मावशी आत जातील. फडताळ उघडल्याचा आवाज येईल, मग झाकण दाबल्याचा. बाहेर येतील तेव्हा आजीच्या नावाचा डबा त्यांच्या हातात असेल, जड.

'कवाधरनं भरून ठेवलाय,' त्या म्हणतील. 'रिकामा कसा पाठवू? आणि न्यायला कुणी यायला नको व्हय?'