नाताळचे ताट: इच्छुकांसाठी सूचना

घरी केलेली भेट स्वस्त पडते, हा गैरसमज इच्छुकांनी आधी मनातून काढून टाकावा. नारळ, काजू, तूप, अंडी आणि गॅस सिलिंडर यांचा हिशेब मांडला, तर तेवढ्याच पैशांत दुकानातून सोनेरी फीत बांधलेली टोपली येते आणि पाठही दुखत नाही. पण गोव्यात नाताळच्या दिवसांत घरोघरी कोंसुआदीचे, म्हणजे नाताळच्या गोडधोडाचे जे ताट फिरते, त्यातून आपण किती खपलो हे शेजारी पोहोचवायचे असते. तेही तोंडाने एक अक्षर न काढता. पुढील सर्व सूचना याच हेतूने वाचाव्यात.

प्रथम बेबिंका. २०२३ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी तिचे थर अजून एकावर एकच घालावे लागतात. नारळाचे दूध, साखर, मैदा आणि भरपूर अंड्यांचे पिवळे बलक एकत्र करून पीठ तयार करावे. भांड्यात तूप, त्यावर डावभर पीठ, मग वरून आच. पूर्वी झाकणावर निखारे ठेवत, आता ओव्हन असतो. थर तांबूस झाला की पुन्हा तूप, पुन्हा डावभर पीठ. खालचा थर नीट भाजल्याशिवाय वरचा ओतू नये. या सूचनेचा भंग केल्यास बेबिंका न होता गोड खरवस होतो आणि तो घरीच संपवावा लागतो. जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठातल्या एका जोगिणीने पहिली बेबिंका सात थरांची केली, ती पाद्र्यांना लहान वाटली आणि म्हणून थर सोळा झाले, असे सांगतात. खरेखोटे देव जाणे, पण वरिष्ठांचा शेरा ओळखू येतो. आज सात थर ही किमान पात्रता धरावी. सुरी फिरवून कापलेली बाजू ताटात पाहुण्याच्या तोंडासमोर येईल अशी मांडावी. मोजणारे मोजतातच.

मठात म्हणे अंड्यांचा पांढरा भाग कपड्यांना खळ करायला जाई आणि बलक उरत. आपल्याकडे उलटे होते. घरच्या मंडळींना नवीन वर्ष उजाडेपर्यंत पांढरे ऑम्लेट द्यावे आणि ते डॉक्टरांनी सांगितले आहे असे म्हणावे.

दोदोल बेबिंकेइतका देखणा नाही, पण मेहनतीचा पुरावा म्हणून जास्त भक्कम. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून माडाच्या काळ्या गुळाच्या निमुळत्या ढेपा आणाव्यात. हा गूळ, तांदळाचे पीठ आणि नारळाचे दूध जाड बुडाच्या मोठ्या भांड्यात घालून ढवळायला लागावे. कधी थांबायचे, असा प्रश्न पहिल्या पंधरा मिनिटांतच येतो. उत्तर असे, की मिश्रण भांड्याच्या कडा सोडू लागेल आणि तेल सुटेल तेव्हा. मधल्या काळात भांड्याजवळून हलता येत नाही, फोन घेता येत नाही, दारावरची बेल ऐकू आली तरी ती दुसऱ्या कोणासाठी आहे असे समजावे लागते. घरातला जो कोणी ‘यात काय कठीण आहे?’ असे म्हणाला असेल, त्याच्या हाती लाकडी डाव देऊन आपण शांतपणे काजूचे तुकडे करायला बसावे.

कुलकुलांसाठी बालमजूर लागतात. कायद्याने बंदी असली तरी नातवंडे आणि भाचरे या व्याख्येत बसत नाहीत, असे सर्व आज्यांचे एकमत आहे. मैद्याची लहानशी गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची आणि अंगठ्याने गुंडाळत आणायची, की पन्हळीदार शिंपला तयार. काटे कमी पडल्यास कंगवा चालतो. कंगवा नवा असावा, हे सांगायची गरज नसावी, तरी सांगितलेले बरे. पहिली परात सुबक होते. दुसऱ्या परातीपासून गोळ्या सुपारीएवढ्या व्हायला लागतात, तिसरीत एखादा डायनासोर निघतो. तळून, पाकात घोळून मोठे नग ताटाच्या तळाशी घालावेत. डायनासोर घरीच ठेवावा. तो कोणी केला यावरून भांडण असते.

पेरादीच्या, म्हणजे पेरूच्या गोड वड्या टिकतात, म्हणून त्या आधीच करून ठेवाव्यात. आकाशकंदिलातून उरलेल्या बांबूच्या कामट्यांना पतंगाचा कागद लावून चांदणी केली आणि ती ताटाबरोबर भेट दिली तरी चालते, मात्र ती शेजाऱ्याच्या व्हरांड्यात आपल्या चांदणीपेक्षा उंच लागणार नाही याची खबरदारी घ्यावी.

नेवरीबाबत, म्हणजे गोव्याच्या करंजीबाबत, एकच सांगणे. कातण्याने कापू नका, कड हाताने मुरडा. कातलेली नेवरी कोणाचीही असू शकते. मुरडलेली नेवरी ही सही असते. कोणाची मुरड बारीक, कोणाची सैल, कोणाची शेवटच्या टोकाशी घाईत दाबलेली, हे वाड्यावरच्या बायका अंधारातही सांगतील.

आता वाटप. चवथीला ज्या घरून आपल्याकडे नेवऱ्या आल्या, दिवाळीला ज्यांनी पोहे खायला बोलावले, त्यांची यादी आधी करावी. नातेवाईक नंतर, ते रुसले तरी कुठे जात नाहीत. ज्या घरी वर्षभरात कोणी गेले असेल, तिथे नाताळला गोडधोड करत नाहीत. त्या घरी ताट सर्वांत आधी आणि सर्वांत भरलेले जावे. तिथे वरची कुठलीही हुशारी लावू नये.

ताटावर क्रोशाचा रुमाल हवा. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातून काहीही पाठवू नये, कारण असा डबा मिळाल्यावर घरातली मुले आधी खूश होतात आणि मग तुमच्यावर कायमची नाराज. दारात उभे राहून म्हणायचे वाक्य एकच: ‘काही विशेष नाही हो, घरी केलंय थोडंसं.’ समोरून ‘आंटी, हे कशाला एवढं!’ असे यायला हवे. आले नाही तर रुमाल थोडा सरकवावा, बेबिंकेची कापलेली बाजू दिसेल इतपत. ताट रिकामे परत येणार नाही, निदान चिमूटभर साखर तरी येईल. पुढच्या वर्षी त्या घरी किती पाठवायचे ते तिच्यावरून ठरवावे.

वाड्यावर पाच-सहा दिवस ताटे फिरत राहिली, की कोणाचे काय कोणाकडे गेले याचा मेळ लागत नाही. एखाद्या संध्याकाळी लांबच्या घरून रुमाल घातलेले ताट येईल, आणि त्यात आपल्याच मुरडीची नेवरी असेल. ती लगेच ओळखू येईल. तिथल्या तिथे एक तुकडा मोडून खावा, छान झालीय म्हणावे, आणि सारणात काय घातले ते आवर्जून विचारावे.