पर्वतीच्या मापाने

प्रत्येक महाराष्ट्र मंडळात एक पर्वतीकर असतो. त्याचं खरं आडनाव जोशी असेल, जगताप असेल. बालपण सहकारनगरात गेलेलं. कॅलिफोर्नियात पंचवीस वर्षं काढली, घराचं कर्ज फेडलं, मुलं कॉलेजात गेली, तरी फुटांशी आणि मैलांशी त्याचं जमत नाही. कुठलाही चढ दाखवा, मान तिरकी करून बघणार आणि निकाल देणार, "फार नाही. दोन पर्वत्या."

आमच्या वाट्याचा पर्वतीकर शनिवारी सकाळी रँचो सॅन अँटोनिओ काउंटी पार्कात भेटतो. भेटावाच लागतो. सुटीच्या दिवशी तिथलं पार्किंग लवकर भरतं, म्हणून हा उजाडताच गाडी लावून, मागून येणाऱ्यांना "झाली का झोप?" विचारायला फाटकाशी उभा. अंगात कुठल्याशा हाफ मॅरेथॉनचा फुकट मिळालेला टी-शर्ट, मनगटावर महागडं घड्याळ. त्या घड्याळाला उपग्रह सापडतात, नाडी कळते, किती फूट चढलो तेही कळतं. हा त्यात बघतो आणि मनातल्या मनात पर्वतीने भागतो.

डिअर हॉलो फार्मपर्यंतचा मैलभर रस्ता बराचसा सपाट. बाबागाड्यांतली पोरं शेळ्या-डुकरं बघायला निघालेली असतात, त्यांच्यामधून जॉगिंग करता करता हा झोन टूवर बोलतो. धावताना गप्पा मारता आल्या तरच तो झोन टू, असं शास्त्र आहे म्हणे. म्हणजे बोलणं हा त्याचा व्यायाम आणि ऐकणं हा आमचा. पुढे विजेच्या मनोऱ्यांच्या सोबतीने जाणारा पीजीअँडई ट्रेल सुरू झाला की आमची वाचा बसते. त्याची नाही. "मालक, अर्धीच पर्वती झाली!"

एक पर्वती म्हणजे नेमके किती फूट, असं मी एकदा विचारलं. "१०३ पायऱ्या," तो म्हणाला आणि विषय मिटला. माप तसं लवचीक आहे. दमलेल्याला धीर देताना जो चढ दोन पर्वत्यांचा असतो, तोच संध्याकाळी कुणाच्या घरी जेवायला बसल्यावर पाच पर्वत्यांचा होतो. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये त्या टेकडीवर देवदेवेश्वराचं मंदिर बांधलं, तेव्हा आपण सांता क्लारा काउंटीला मापटं पुरवतो आहोत याची त्यांना काय कल्पना!

मोठ्या डोंगराला मोठं माप. ब्लॅक माउंटनचं शिखर साधारण २,८०० फुटांवर. पार्किंगपासून दोन हजार फुटांहून अधिक चढ. "म्हणजे सिंहगड. वर टॉवरसुद्धा आहेत. आपल्याकडे दूरदर्शनचा आहे ना!" चीड याची येते, की इथे त्याचा हिशेब जवळपास बरोबर निघतो. मग पिठलं-भाकरी मिळत नाही, ताक मिळत नाही, यावर काउंटीचा निषेध.

ट्रेलवर पहाडी सिंहाबद्दल सूचनेची पाटी आहे: समोर आला तर पळू नका, हात उंच करून मोठे दिसा, लहान मुलांना उचलून घ्या. पर्वतीकर नेमका त्या पाटीला धरून पोटऱ्या ताणतो. "आमच्या गडाच्या नावात सिंह आहे, पण अशी पाटी लावायची वेळ कधी आली नाही."

उतरताना अप्पर वाइल्डकॅट कॅन्यनमध्ये बे लॉरेलची गर्द सावली लागते. वाटेवर पडलेलं एखादं पान उचलून तो चुरगळतो आणि आमच्या नाकाशी धरतो. तमालपत्रासारखाच वास, पण इतका उग्र की डोकं झणझणतं. "मसालेभात!" आम्ही शिंकतो.

मध्यंतरी लातूरकडचा एक मुलगा आमच्यात यायला लागला. एच-वन-बीवर आलेला, ले-ऑफमध्ये नोकरी गेलेली. दुसरी नोकरी शोधायला फार तर ६० दिवसांची मुदत, नाहीतर गाशा गुंडाळायचा. त्या शनिवारी तो फार्मपाशीच मागे पडला. पर्वतीकर थांबला, घड्याळ बंद केलं आणि त्याच्या चालीने चालू लागला. आम्ही लूप पूर्ण करून, घाम वाळवून, घरी जायच्या बेतात होतो तेव्हा दोघं आले. या वेळी बोलत मुलगा होता. पर्वतीकर नुसता "हं, हं" करत होता. पोराला त्याने तिथेच दोन-तीन जणांपुढे उभं केलं, "याचा रेझ्युमे आज रात्री पाठवतो, वाचायचा," असा दम दिला, आणि पिठलं-भाकरीचा आपला डबा त्याच्या हातात कोंबला.

चढ फुगवून सांगणारा हा माणूस त्या शनिवारबद्दल पुढे कुठल्याच पंगतीत चकार शब्द बोलला नाही.

मुदतीच्या आत मुलाला नोकरी लागली. पार्किंगमध्ये पेढे घेऊन आला तेव्हा कळलं, की त्याचा रेझ्युमे याने रात्र जागून नव्याने लिहिला होता, मुलाखतींची तालीमही करून घेतली होती. वाकून नमस्कार करायला निघालेल्या त्या मुलाला पर्वतीकराने दंडाला धरून उभं केलं, पेढा तोंडात टाकला, मान तिरकी केली.

"ठीक आहे. पण चितळ्यांच्या निम्माही नाही."