ऐनवेळचे विषय

सकाळी महाराष्ट्र सदनातून बाहेर पडावं आणि कस्तुरबा गांधी मार्गाने इंडिया गेटकडे निवांत निघावं. झाडं रांगेत उभी, पदपथ सरळ, पाट्या पुसलेल्या. मराठी माणसाला आधी कौतुक वाटतं, मग उगाच काहीतरी चुकल्यासारखं होतं. इतकं नीटनेटकं आहे, म्हणजे हे ठरवताना कुणी भांडलंच नसणार.

आणि खरंच, इथे भांडणार कोण? हा मुलूख नवी दिल्ली नगरपालिका परिषदेचा, जेमतेम 43 चौरस किलोमीटरचा. अध्यक्ष केंद्र सरकारने नेमलेले, सदस्यही बहुतेक नेमलेलेच, सोबतीला त्या भागातले आमदार-खासदार. वॉर्डातून निवडून येणारा नगरसेवक नावाला नाही. संसद मार्गावरच्या पालिका केंद्रातून निर्णय निघतात. 7 सप्टेंबर 2022 ला खास बैठक भरली आणि राजपथाचा कर्तव्यपथ झाला. कपातला चहा निवायच्या आत, असं म्हणायचा मोह होतो.

सदनाबाहेरच्या या रस्त्याचं नावही असंच बदललेलं. आधी हा कर्झन रोड. गंमत बघा, राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवायला या कर्झनसाहेबांनीच 1912 साली लॉर्डांच्या सभागृहात कडाडून विरोध केला होता. ज्याला हे शहरच नको होतं, त्याच्याच नावाचा त्यात रस्ता! पुढे पाटीवर कस्तुरबा आल्या. त्यांनी त्याच साम्राज्याच्या कैदेत, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, 22 फेब्रुवारी 1944 ला डोळे मिटले होते. केवढा इतिहास त्या खांबावरून उतरला आणि केवढा चढला. इतिवृत्तात मात्र ‘ठराव मंजूर’ यापलीकडे काही असेलसं वाटत नाही. रिक्षावाले तर ‘केजी मार्ग’ म्हणून मोकळे होतात.

आमच्याकडच्या सभेला हा उरक कधी साधला नाही. लहानपणी वडिलांचं बोट धरून गावच्या नगरपरिषदेची सभा पाहायला जायचो. पहिला विषय, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. त्यावरच तास जायचा, कारण मागच्या सभेत जो जे बोलला होता, ते तो बोललाच नव्हता. मग एक बाई रिकामा हंडा घेऊन थेट अध्यक्षांच्या टेबलापाशी. हंडा तांब्याचा, चिंचेने घासून लखलखीत केलेला. नळाला पाणी नसलं तरी निषेध कसा स्वच्छ हवा. आरडाओरडा, सभात्याग, आणि बाहेर पानाच्या टपरीवर दोन्ही बाजूंचे लोक एकाच काडीवर विड्या पेटवताना दिसायचे. सगळ्यात शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. निम्मं सभागृह उठलेलं असताना कुणाच्या तरी मेहुण्याच्या गटाराचं काम तिथे अलगद येऊन बसायचं, पंगत उठता उठता शेवटच्या पाटावर ओळखीचा पाहुणा टेकावा तसं.

पुढे आपल्याकडेही दिल्लीची शांतता आली. मार्च 2022 मध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि आयुक्तच प्रशासक झाले. प्रस्ताव आयुक्तांनी मांडायचा, स्थायी समिती म्हणून आयुक्तांनीच तपासायचा आणि सर्वसाधारण सभा म्हणून मानही त्यांनीच डोलवायची. सूचक तेच, अनुमोदक तेच. हरकतीचा मुद्दा काढायचा तर आरशासमोर उभं राहून. निवडणुकीला 2026 चा जानेवारी उजाडला. मधल्या काळात राजदंड पळवायला कुणी नव्हतं, आणि मला त्या पळवापळवीची चक्क आठवण येत होती. भांडणातून शहाणपण निघतंच असं नाही. पण निदान कुणाला काय नको आहे, ते तरी कळतं.

आता पुन्हा सभा भरू लागल्या आहेत. तुमच्या पालिकेच्या प्रेक्षक सज्जात एकदा जाऊन बसा. कंटाळा येईल, जांभया येतील, येऊ द्या. ऐनवेळचे विषय निघेपर्यंत मात्र उठू नका.