उंबराचा रोखीचा व्यवहार

झाडं परोपकारासाठी फळतात, असं आपल्याला शाळेत शिकवतात. निबंधात हे वाक्य टाकलं की दोन गुण जास्त मिळतात, म्हणून आपणही फार चौकशी करत नाही. पण ज्याला हे पहिल्यांदा सुचलं, त्यानं उंबर फोडून पाहिला नसावा.

पिकून खाली पडलेलं फळ घ्या. देठाच्या दुसऱ्या टोकाला बारीक भोक दिसेल. अंगठ्यांनी दोन भाग केले की आत बिया, आणि बियांतून धडपडत बाहेर येणारे इवलाले किडे. गावाकडची पोरं फळ फोडतात, तळहातावर आपटतात, जोरात फुंकर मारतात आणि उरेल ते तोंडात टाकतात. जैन आचारात मात्र वड, पिंपळ, उंबर धरून पाच उदुंबर फळं पूर्ण वर्ज्य. सूक्ष्मदर्शक नव्हता त्या काळी कुणीतरी फळ फोडून नीट पाहिलं होतं, एवढं नक्की.

हे किडे आगंतुक नव्हेत, मानकरी आहेत. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही, कारण आपण ज्याला फळ म्हणतो तीच मुळी फुलांची थैली. शेकडो फुलं आत तोंड करून बसलेली. भुंगे, मधमाश्या, फुलपाखरं यांना तिथं मज्जाव. प्रवेश एकाच घराण्याला, सेराटोसोलेन फ्युसिसेप्स नावाच्या गांधीलमाशीला. माशी जेमतेम दोन मिलिमीटर, नाव तिच्याहून लांब. त्या भोकातून ती आत घुसते तेव्हा सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये शिरताना छत्रीचं जे होतं तेच तिच्या पंखांचं होतं. परतीचा प्रश्नच मिटला. तिच्या छातीवर खिसे असतात, खरोखरचे, आणि त्यांत मागच्या झाडावरून भरून आणलेले पराग. ते ती फुलांना लावते आणि त्याच फुलांत अंडी घालायला बसते. ज्या फुलांची मान आखूड, त्यांच्या तळापर्यंत तिची नळी पोचते. लांब मानेची फुलं सुटतात आणि त्यांत बी धरतं. एका फुलामागे एक बी, नाही तर एक माशी. उधारीची पाटीच नाही.

पुढची पिढी तयार झाली की नर आधी जन्मतात. बिनपंखी, डोळ्यांनी जवळपास अधू. आयुष्यात दोनच कामं: माद्या अजून कोशात आहेत तोवर लग्न उरकायचं, आणि मग भिंत पोखरून त्यांना बाहेरची वाट करून द्यायची. स्वतः फार तर त्या वाटेपर्यंत येतात आणि मरतात. माद्या ताजे पराग खिशात भरून उडतात. घरासाठी राबून घराबाहेरचं जग न पाहिलेले असे गृहस्थ आपल्याही नात्यात सापडतील. मी नाव घेत नाही.

आता एवढा चोख व्यवहार म्हटल्यावर फुकटे येणारच. दुसऱ्या काही गांधीलमाश्या आत न शिरता बाहेरूनच फळाला भोक पाडतात आणि आतल्या अळ्यांच्या जिवावर आपली पोरं वाढवतात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 2014 मध्ये अशा एका माशीची अंडी घालायची नळी तपासली, तर टोकाला जस्त सापडलं. ड्रिलला टोक कडक हवं हे तिला कुणी सांगितलं, देव जाणे. त्यांच्यावर पहारा मुंग्यांचा. पण मुंग्या चोराला खातात तशा मानकऱ्यालाही खातात. पोट भरायला आलेला राखणदार ओळखपत्र बघत बसत नाही.

माशीशिवाय झाड म्हणजे काय, हे कॅलिफोर्नियाच्या बागाइतदारांनी पैसे मोजून पाहिलं. तुर्कस्तानातल्या स्मिर्नाच्या अंजिराची झाडं त्यांनी नेऊन लावली. झाडं वाढली, पण फळं पिकण्याआधीच गळायची. तिथल्या अंजिराची वेगळी माशी असते, ती नेल्यावर 1899 मध्ये तिचा जम बसला आणि मग फळं धरली. (आपल्या पुरंदरच्या अंजिराचं माशीवाचून अडत नाही. शाकाहारी वाचकांनी निर्धास्त राहावं.)

मला सगळ्यात नवल वाटतं ते वेळेचं. उंबराच्या झाडावरची फळं साधारण एकाच वेळी एकाच टप्प्यावर असतात. म्हणजे माशी बाहेर पडते तेव्हा तिच्या माहेरी कोवळं फळ नसतंच. हाताशी आयुष्य एखाद-दोन दिवसांचं, आणि तेवढ्यात नेमक्या टप्प्यावरचं दुसरं झाड गाठायचं. वासाच्या मागावर, वाऱ्यावर स्वार होऊन ती जाते. नामिबियाच्या वाळवंटात उंबराच्याच आफ्रिकन भावकीतल्या झाडांवर अशा माश्यांनी 160 किलोमीटरवरून पराग आणल्याचं 2009 मध्ये छापून आलं आहे. तेव्हा ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या उंबराची सोयरीक येऊरच्या जंगलात असेल की त्याही पलीकडे, सांगणं कठीण. त्याला कुंपणाची हद्द मान्य नाही.

आम्हाला ती फार मान्य आहे. फळं गाड्यांवर पडतात, तांबट आणि हरियाल दिवसा खातात, वटवाघळं रात्रपाळीला येतात, आणि सकाळी बॉनेटवर सगळ्यांचा हिशेब मांडलेला असतो. तोडावं तर 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा, आणि त्याहून कडक म्हणजे आमच्या मजल्यावरच्या आजी. औदुंबर हे दत्ताचं स्थान. त्याला हात लावणाऱ्याचं काय होतं, याची उदाहरणं त्यांच्याकडे तयार आहेत.

अशाच कुणा पाहुण्याच्या पोटातून एक बी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या सांध्यात पडलं आणि रुजलं. कमिटीत ठराव झाला की रोप उपटावं. प्लंबरनं हात जोडले आणि पान्हा पिशवीत ठेवला. “मग तुम्हीच काढा,” असं सगळ्यांनी सेक्रेटरींना सांगितलं.

“आज गुरुवार आहे हो,” सेक्रेटरी म्हणाले. “उद्या बघू.”

रोप आता कठड्याच्या वर आलंय. टाकीला तडा गेलाय, त्यातून पाणी झिरपतं, आणि त्यामुळे त्याला भर मे महिन्यातही पाण्याची ददात नाही.