परक्यांचे गुडघे

डिसेंबर उजाडला की आमच्या घरात गुडघ्यांवर फार बोललं जातं. आईचे दोन, माझा डावा, आणि बाकीचे सगळे फिलाडेल्फिया, डेट्रॉइट, सॅन फ्रान्सिस्को इथले. आईच्या गुडघ्यांना रात्री तेल लागतं. माझ्या डाव्याकडे दुर्लक्ष केलं तरी भागतं. पण त्या परगावच्या गुडघ्यांची खबरबात बुधवारी, गुरुवारी आणि शुक्रवारी ताजी मिळाली नाही, तर मला घास उतरत नाही. कारण हा आमच्या फॅन्टसी फुटबॉलच्या प्लेऑफ्सचा महिना.

फुटबॉल म्हणजे मेस्सीचं नव्हे, अमेरिकन. नाव फुटबॉल असलं तरी पायाचा चेंडूशी फारसा संबंध न येणारं. आणि फॅन्टसी म्हणजे खऱ्या खेळाडूंचा खोटा संघ. ड्रीम इलेव्हन खेळणाऱ्यांना एवढ्यात निम्मं कळलं असेल. पण तिथे सामन्यागणिक नवी मांडामांड करता येते. इथे ऑगस्टअखेर खेळाडू वाटून घ्यायचे आणि वर्ष सरेपर्यंत त्यांच्याशी नांदायचं. जो माझ्याकडे आला तो लीगमध्ये दुसऱ्या कुणाला मिळत नाही. तो रविवारी दहा यार्ड पळाला की मला एक गुण, टचडाउन केला, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकापार नेला, की सहा. आमच्या लीगमध्ये नुसता झेल घेतला तरी एक. त्याचा संघ जिंकला की हरला याला आमच्या दप्तरी रकाना नाही.

हा उद्योग काढला बिल विंकेनबाख नावाच्या गृहस्थानं, १९६२ मध्ये. ओकलंड रेडर्स या संघात त्याची भागीदारी होती, आणि त्या मोसमात रेडर्स १४ पैकी १३ सामने हरले. असा संघ घेऊन न्यूयॉर्कच्या हॉटेलात मुक्काम पडल्यावर मालकानं करायचं काय? त्यानं दोघातिघांना बसवून घेतलं आणि ज्यात आपला संघ हरला तरी आपण जिंकू शकू अशा खेळाचे नियम लिहून काढले. पुढच्या वर्षी ओकलंडमध्ये आठ संघांची पहिली लीग भरली. खेळाडू निवडताना सगळ्यांत आधी उचलला गेला जॉर्ज ब्लांडा, तोही जिम ब्राउन मोकळा असताना. त्या मोसमात जिम ब्राउन १,८६३ यार्ड पळाला. म्हणजे पहिल्याच घासाला खडा लागण्याची प्रथाही खेळाइतकीच जुनी.

आमच्या लीगमध्ये बारा संघ आहेत. सगळे न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीतले, निम्मे मराठी. माझा संघ ‘पिस्कॅटवेचे पेशवे’. दुसरा एक ‘मिसळ मेरी’. आणि एका सज्जनानं आपल्या संघाचं नाव ‘पानिपत १७६१’ ठेवलंय, ते निदान भविष्य म्हणून तरी खरं ठरतं. चौदा आठवडे साखळी सामने; मग पहिले सहा संघ प्लेऑफमध्ये, त्यातल्या पहिल्या दोघांना एक आठवडा सुट्टी. पंधरावा, सोळावा, सतरावा आठवडा, की संपलं. अठराव्या आठवड्यात शहाणी लीग खेळत नाही, कारण तोवर ज्या खऱ्या संघांचं स्थान पक्कं झालेलं असतं ते आपले मोहरे झाकून ठेवतात. तीन महिने तुम्ही सगळ्यांना धूळ चारलीत, तरी डिसेंबरात एक रविवार खराब गेला की घरी. खरं तर घरीच असतो आपण, सोफ्यावर. पण तिथूनही बाहेर काढल्यासारखं वाटतं.

प्लेऑफची तयारी बेंच झाडण्यापासून सुरू होते. जो होतकरू रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा, ‘पुढे चमकेल’ म्हणून सप्टेंबरपासून सांभाळला, त्याला नोव्हेंबरअखेर नारळ द्यायचा. आता ‘पुढे’ उरलेलंच नाही. त्याच्या जागी आणायचा आपल्या मुख्य रनिंग बॅकचा, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याचा, राखीव गडी. याला इथे हँडकफ म्हणतात. मुख्य माणूस लंगडला की त्याच्या वाटचं सगळं पळणं या दुसऱ्याकडे येतं. तो स्वतः बावीस वर्षांचा, धडधाकट, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्याला घरात घेण्याचं कारण म्हणजे दुसऱ्याचं काहीतरी मोडेल ही आशा. आणि तो दुसराही माझाच! हे मी आईला समजावून सांगितलं तेव्हा ती देवापाशी दिवा लावत होती.

“म्हणजे मोठ्याला काही झालं तर धाकटा?”

“हो.”

“आणि दोघं तुझ्याच पदरी?”

“हो.”

“मग तिन्हीसांजेला असलं अभद्र काय बोलतोस रे?”

त्या दिवसापासून आईनं मोठ्याच्या गुडघ्याची जबाबदारी घेतली. त्याचं नाव तिला येत नाही. ती त्याला ‘तुझा तो पळणारा’ म्हणते. पण चौकशी रोज असते, आणि फोनवर मावशीला सांगताना “आमच्या पळणाऱ्याचं बरं आहे आता” इथवर मजल गेली आहे. सांगलीत मावशीचा समज असा, की माझ्या ऑफिसातला कुणीतरी आहे आणि तो देणेकऱ्यांना चुकवतो.

दुखापतींचा अहवाल वाचायला वेगळी तालीम लागते. कोण सरावाला आलाच नाही, कोण थोडा वेळ आला, कोण पूर्ण वेळ, हे बुधवारपासून रोज जाहीर होतं. मग शुक्रवारी शिक्का बसतो. ‘आउट’ म्हणजे नाही. ‘डाउटफुल’ म्हणजेही नाहीच, फक्त सभ्यपणे. ‘प्रॉबेबल’ नावाचा एक दिलासा देणारा शिक्का होता, तो २०१६ मध्ये काढून टाकला. उरलं ‘क्वेश्चनेबल’. याचा अर्थ मुलाकडच्यांच्या “पत्रिका बघून कळवतो” इतकाच. त्यातून होकारही येतो, नकारही येतो, आणि पुष्कळदा तो माणूस मैदानावर येतो, दोनदा पळतो आणि उरलेला सामना अंगावर जाड कोट घालून बाकावर बसून बघतो. तुमच्या संघात मात्र तो खेळलेला धरला जातो. आमचे अर्धे लोक याच दुखण्यानं गेले.

शेवटचा निकाल लागतो सामन्याच्या दीड तास आधी. एकचा सामना असेल तर रविवारी साडेअकराला. न्यू जर्सीत रविवारी साडेअकराला कुणाच्या ना कुणाच्या घरी सत्यनारायण असतो. तिसरा अध्याय चालू असताना मागच्या रांगेतली पाच-सहा पुरुषमंडळी एकदम मान खाली घालतात. गुरुजींना वाटतं, साधुवाण्याच्या हालांनी गलबलली. मग एकजण उठून तीर्थाला न थांबता गाडीत जाऊन बसतो, आणि बाकीच्यांना कळतं याचा कोण गेला ते.

त्यातून डिसेंबरात वारांचा घोळ. १९६१ च्या एका कायद्यामुळे, कॉलेजांच्या फुटबॉलच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून, एनएफएल, म्हणजे खऱ्या संघांची लीग, बहुतेक मोसमभर शनिवारचं अंग चोरून असते. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारनंतर ती आडकाठी संपते आणि ऐन प्लेऑफमध्ये शनिवारी दुपारी सामने उपटतात. गेल्या वर्षी ‘पानिपत’ शनिवारी वाण्याच्या दुकानात कढीपत्ता निवडत होते. बाहेर आले तोवर सामना सुरू झाला होता, त्यांनी आत ठेवलेला खेळाडू घरी पाय वर करून बसला होता, आणि नियमाप्रमाणे कुलूप लागलं होतं. कढीपत्ता छान होता म्हणे.

हवामानाचंही बघावं लागतं. नवखे लोक बर्फाला घाबरतात. बर्फाला घाबरू नये. ८ डिसेंबर २०१३ ला फिलाडेल्फियात मैदानावरच्या रेषा दिसेनात इतका बर्फ पडला, आणि त्यातून लशॉन मॅकॉय २१७ यार्ड पळाला. अडवणाऱ्यांचेच पाय घसरत होते. घाबरायचं ते वाऱ्याला. ६ डिसेंबर २०२१ ला बफेलोच्या मैदानावर असा वारा सुटला, की न्यू इंग्लंडच्या मॅक जोन्सनं सबंध सामन्यात चेंडू फेकला फक्त तीनदा. आणि तरी तो सामना जिंकला! खऱ्या जगात हे शौर्य. आमच्या जगात त्याच्या रिसीव्हर्सच्या मालकांकडे सुतक. तेव्हापासून मी आमच्या एडिसनच्या आधी बफेलोचा वारा बघतो. बफेलोशी माझा एरवीचा संबंध म्हणजे भारतातून आलेल्या पाहुण्यांना नायगारा दाखवायला नेताना वाटेत लागतं तेवढाच.

पण बेंच, गुडघे, वारा हे सगळं सोपं. खरी तयारी मनाची, कारण प्लेऑफमध्ये काय इच्छावं हेच सुधरत नाही. माझा रिसीव्हर चमकायचा असेल, तर त्याचा संघ आधी सपाटून मार खायला हवा. मागे पडलेला संघ घाईघाईनं चेंडू फेकत सुटतो. पुढे असलेला संघ चेंडू पोटाशी धरून पळतो आणि घड्याळ खातो. म्हणजे रिसीव्हरसाठी मी त्याच्याच संघाचा सत्यानाश चिंततो, आणि रनिंग बॅकसाठी त्याच्या संघाचं कल्याण. दोघं एकाच संघातले असतील तर मात्र देवाकडे नेमकं काय मागावं? मी जाणकारांना विचारलं. ते म्हणाले, किकर बदल.

यात घरभेदही होतो. मुलगा न्यू जर्सीत जन्मला, त्यामुळे जायंट्सचा. माझा पळणारा ईगल्सचा. जायंट्स-ईगल्स सामन्यात माझ्या माणसानं टचडाउन केला आणि मी चहा सांडेपर्यंत उडालो. मुलानं माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाला, “बाबा, तू फितूर आहेस.” मराठी शाळेची फी अशी अवचित वसूल होते.

बरं, आपण इतकं मनावर घेतो, त्या खेळाडूंना मात्र आपण कोण हे ठाऊक नाही. याचा पुरावा जुनी मंडळी अजून काढतात. १६ डिसेंबर २००७, पंधरावा आठवडा, म्हणजे ऐन प्लेऑफ. डॅलसमध्ये ईगल्स १०–६ ने पुढे, दोनेक मिनिटं उरलेली. ब्रायन वेस्टब्रुकच्या हाती चेंडू आला, समोर वाट मोकळी, एकही माणूस आडवा नाही. आणि एका यार्डावर येऊन हा गृहस्थ आपण होऊन खाली बसला! टचडाउन केला असता तर चेंडू डॅलसला परत मिळाला असता; न केल्यानं ईगल्सनी उरलेलं घड्याळ बसल्या जागी संपवलं. डॅलसकडे थांबवायला टाइमआउट उरला नव्हता. निःस्वार्थ, अचूक, नमुनेदार खेळ. देशभर ज्यांच्या संघात वेस्टब्रुक होता त्यांनी टीव्हीसमोर जे शब्द काढले ते इथे देता येत नाहीत. सहा गुण, एका यार्डासाठी! ही युक्ती त्याला सांगितली जॉन रनियननं. तो पुढे आमच्याच न्यू जर्सीतून काँग्रेसवर निवडून गेला. ईगल्सच्या चाहत्यांनी मतं दिली असतील. फॅन्टसीवाल्यांनी नक्की नाही.

उलट बाजूही आहे. २०२० च्या नाताळात एक पाय लाल बुटात, एक हिरव्या बुटात घालून अल्विन कमारा उतरला आणि त्यानं पळत सहा टचडाउन केले. १९२९ नंतर हे कुणाला जमलं नव्हतं. तेव्हा बहुतेक लीगची अंतिम फेरी सोळाव्या आठवड्यात असे, म्हणजे नेमकी त्याच दिवसांत. ज्याच्याकडे कमारा होता त्याला काहीच तयारी लागली नाही. ज्याच्या समोर होता त्याच्या चार महिन्यांच्या तयारीचं काय झालं ते विचारू नये. बुटांबद्दल लीगनं कमाराला पाच हजार डॉलर दंड केला. समोरच्यांना तो कमी वाटला.

यंदा उपांत्य फेरीत माझ्यासमोर ‘मिसळ मेरी’ आले. पहिला सामना गुरुवारी रात्री सव्वाआठला. मार्गशीर्षातला गुरुवार, त्यामुळे आमच्याकडे महालक्ष्मीचा घट मांडलेला, संध्याकाळी हळदीकुंकू. ‘मिसळ मेरी’ची बायको आली आणि तिला सोडायला म्हणून तेही आले. सोडायला आलेला माणूस सव्वाआठला सोफ्यावर का, हे कुणी विचारलं नाही. आईनं कहाणीची पोथी मिटली आणि आमच्याजवळ येऊन बसली.

“ह्याचा कोण नि तुझा कोण?”

मी सांगितलं, “चेंडू फेकणारा ह्याचा. झेलणारा माझा.”

“म्हणजे ह्याच्यानं फेकला नि तुझ्यानं धरला, तर दोघांचंही भलं. मग एकमेकांकडे असे काय बघताय?”

“काकू, फेकणाऱ्याच्या टचडाउनला मला चारच मिळतात,” मिसळ मेरी कळवळून म्हणाले. “ह्याला झेलासकट सात.”

“असू दे. लक्ष्मी सगळ्यांना बघते. तू केळं घे आधी.”

त्यांनी केळं घेतलं. सामना सुरू झाला. त्यांच्या क्वार्टरबॅकनं तीनदा उजवीकडे मोकळ्या उभ्या असलेल्या माझ्या रिसीव्हरकडे बघितलं, आणि तिन्ही वेळा चेंडू मध्ये टाइट एंड नावाच्या दुसऱ्याच झेलणाऱ्याला दिला. तिसऱ्या वेळी टचडाउन. तो टाइट एंड ‘पानिपत १७६१’चा, आणि पानिपत यंदा प्लेऑफमध्ये नव्हतंच.