अक्षांश, रेखांश आणि तर्री

ज्या माणसाला घरचं रेशनकार्ड सापडत नाही, त्याच्या हाती अख्ख्या कॉलेजची गुणवत्ता कशी काय सोपवली, हे आमच्या सौ.ला अजून उमगलेलं नाही. पण नॅकचं पथक येणार म्हटल्यावर ‘अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षा’ला कुणीतरी समन्वयक लागतोच. त्या दिवशी स्टाफरूममधले सगळे पंख्याकडे बघत होते. मी तेवढा प्राचार्यांकडे. “तुम्ही मराठीचे. लिहायला तुम्हाला काय लागतं?” सर म्हणाले. झालं!

नॅक ही १९९४ साली स्थापन झालेली, बंगळूरहून देशभरच्या कॉलेजांना जोखणारी परिषद. तेव्हा निकष सात, भारांक १०००, गुण चारपैकी. २०१७च्या सुधारित पद्धतीत साधारण ७० टक्के मूल्यमापन आपण आधीच ऑनलाइन भरलेल्या आकड्यांवर व्हायचं. म्हणजे पथक दारात उतरायचं तेव्हा निकाल बराचसा शिजलेला असायचा. हे मला कळलं तोवर मी सभागृहाच्या पडद्यांचा रंग ठरवत होतो.

शिकवलं एवढं पुरत नाही, शिकवल्याचा पुरावा लागतो. फोटोही साधा चालत नाही, जिओटॅगवाला हवा; खाली अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ छापून आलेला. मी मोठ्या हौसेनं ते अॅप फोनमध्ये घेतलं, तेही नागपूरच्या कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोहे खाता खाता. तिथंच त्या फोनचं बूड टेकलं असावं. पुढे ग्रंथालय, प्रयोगशाळा, एनएसएसचं वृक्षारोपण, मुलींची कॉमनरूम, सगळ्या फोटोंखाली पत्ता एकच. बडेबाबूंनी चष्मा वर सरकवून विचारलं, “सर, आपली लायब्ररी पोह्याच्या ठेल्यावर कधी गेली?”

मे महिना. पारा ४५च्या पुढे, कूलर गरम वाफा फेकतोय, पोरं सुट्टीवर. अशात सगळं पुन्हा टिपायचं. ग्रंथालयात माणसं म्हणून सापडले ते पेपर तपासायला आलेले दोन प्राध्यापक. त्यांतल्या एकाचा डोळा लागला होता. फोटोत तो चिंतनमग्न दिसतो. माझ्या साऱ्या कारकिर्दीतला सर्वांत चांगला फोटो तोच.

सुधारणा सतत हवी, यासाठी एका कार्यशाळेत डेमिंग नावाच्या अमेरिकन माणसाची गोष्ट ऐकवली. १९५०मध्ये तो जपानला गेला आणि तिथल्या कारखानदारांना गुणवत्तेचे धडे देऊन आला. ठरवा, करा, तपासा, सुधारा आणि पुन्हा ठरवा. जपान्यांनी ते मनावर घेतलं. आम्ही ते इतिवृत्तात घेतलं. जुन्या फायली चाळताना दिसलं, की वॉटर कूलरच्या गळक्या तोटीबद्दल ‘कार्यवाही सुरू आहे’ हे वाक्य नॅकच्या मागच्या फेरीपासून दर बैठकीत आहे. मीही ते एकदा सुवाच्य अक्षरात लिहिलं, शुद्धलेखन तपासून.

विद्यार्थ्यांचे अभिप्राय-फॉर्म मी मोजण्यापुरतेच उघडले होते. त्यात एकानं बॉलपेननं लिहिलं होतं, “लायब्ररी पाचले बंद होते. मी हिंगण्याच्या एमआयडीसीतून सहाले सुटतो. वाचू कवा?” ते चिठोरं मी सरांपुढे ठेवलं. सर पडद्यांच्या बिलात गुंतलेले. न वाचताच सही केली. तेव्हापासून ग्रंथालय रात्री आठपर्यंत उघडं असतं. कामावरून सुटलेली पाच-सात पोरं येतात, डबा बाजूला ठेवतात, वाचतात. त्या सात निकषांत हे कुठं बसवायचं, ते ठरेपर्यंत अहवाल गेलासुद्धा. शिवाय जिओटॅग फोटो नव्हता. संध्याकाळी कोण काढणार? मी साडेचारलाच निघतो.

पथक आलं, पडदे कुणी पाहिले नाहीत, पथक गेलं. निकाल आला: बी प्लस प्लस. म्हणजे २.७६ ते ३.०० यांच्या मधलं काहीतरी, ३.०१ला नुसता ए मिळायचा. स्टाफरूममध्ये सुतक. चहा घेऊन आलेल्या आमच्या शिपायाला मात्र हे रडगाणं समजेना.

“प्लस तर दोन भेटले न सर,” तो म्हणाला, “नुसत्या ए ले तर एकबी नाही!”

वर्तमानपत्रांना पाठवायच्या बातमीत सरांनी हाच मुद्दा घेतला. मसुदा अर्थातच मी लिहिला.