गच्चीतला रोलर

"अगं, रंगकाम काढलंय का घराचं? रोज गच्चीत रोलर वाळत पडलेला दिसतो."

"रंगकाम कसलं काकू! आमच्या वन्सं चित्रं काढतायत. रिटायर झाल्यापासून तेच वेड."

"चित्रं? रोलरनं?"

"मीही हेच विचारलं. तर म्हणाल्या, गायतोंडे रोलरनंच रंगवायचे."

"कोण? आपल्या पलीकडच्या बिल्डिंगमधले?"

"नाही हो! वासुदेव गायतोंडे. १९२४ चा जन्म, नागपूरचा. घराणं गोव्याचं, पण वाढले गिरगावात, कुडाळदेशकर वाडीतल्या चाळीत. १९४८ ला जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडले. रंगाचा एक थर द्यायचा, वाळला की दुसरा. मध्येच कागदाचे कपटे ओल्या रंगावर दाबायचे नि उचलायचे. वर्षाकाठी पाच-सहा चित्रं झाली तरी पुष्कळ."

"एवढ्यात पोट भरतं का कुणाचं?"

"तेच तर. ते गेले २००१ मध्ये, आणि २०१३ ला मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र तेवीस कोटींच्या वर गेलं. चित्राला साधं नावसुद्धा नाही."

"तेवीस कोटी? अगं मग तो रोलर गच्चीत काय टाकता, कपाटात ठेवा की!"

"काहीतरीच तुमचं."

"बरं, पण काल कुंपणावरून डोकावले ना मी, तर नुसता करडा-पोपटी पट्टा. असं तर आमचा नातूही काढेल."

"हो, पण कुठे थांबायचं ते कळेल का त्याला? वन्संनाही दर वेळी कळतं असं नाही हं. मागच्या आठवड्यात थरांवर थर देऊन अगदी चिखल करून ठेवला होता. पण तुम्ही पाहिलंत ते जमलंय. तो मुंब्र्याचा डोंगर आहे."

"डोंगर? कुठे?"

"आधी होता. धबधब्यांसकट होता. त्यांची नोकरी सगळी स्लो लोकलनं झाली ना. पावसाळ्यात एका अंगाला हिरवागच्च डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. मग एकेक रेघ घालवत आणली. म्हणतात, डोंगर फोटोतही मिळतो, त्या घामट डब्यात तो दिसल्यावर जे गार वाटायचं तेवढंच मला ठेवायचंय."

"डोंबिवलीहून चढून खिडकी मिळायची तिला? हे खरं नवल!"

"दारातून दिसत असेल! गायतोंड्यांचंही तसंच हो. वॉर्डन रोडला भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये जागा होती त्यांची, समोर समुद्र. बघत बसायचे नुसते. पण चित्रात ना लाट, ना होडी."

"खरं सांगू? मला तो पट्टा आमच्या कल्याणचा वाटला. दुर्गाडीखालची खाडी, ओहोटी लागल्यावर अशीच दिसायची. पण म्हटलं, बोलायचं कसं, चुकलं तर?"

"त्यात चूक काय? सांगा की त्यांना. मी तर 'छान आहे' म्हणून मोकळी होते, त्यांना ते मुळीच आवडत नाही."

"सांगीन. पण कोटींचं काही बोलू नकोस हं आमच्या ह्यांच्यासमोर, उद्या तेही रोलर आणतील."

"येत्या रविवारी चित्रं बघायला जहांगीर आर्ट गॅलरीला जायचं म्हणतायत त्या. चला ना! तिकीट नसतं तिथे."

"रविवारी नको बाई, मेगाब्लॉक असतो. शनिवारी दुपारची गाडी पकडू."